बोरूच्या रानातलं शून्य

पाणीपुरवठा खात्यात अठ्ठावीस वर्षं घरोघर फिरून मीटर वाचले म्हणून त्यांना सगळे मीटर म्हणत. ऑफिसात मीटर, गल्लीत मीटरकाका, आणि बायको चिडली की तिच्या तोंडी ‘आमचं मीटर’. त्यांना या नावाचं कधी वाईट वाटलं नाही. उलट त्यात आपली कदर आहे असंच ते समजत. घराला कुलूप दिसलं की बाकीचे लोक मागचा आकडा बघून पुढचा अंदाजे टाकून मोकळे होत. मीटरकाका संध्याकाळी परत जात, तेव्हाही कुलूप असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एका घरी चार खेपा फुकट घालवून ते पाचव्या खेपेला दारात उभे राहिले, तेव्हा घरवाली म्हणाली की एवढ्या फेऱ्या तर आमचा जावईसुद्धा मारत नाही. अठ्ठावीस वर्षांत आपण एकही आकडा न बघता लिहिला नाही, हे वाक्य ते लग्नकार्यातसुद्धा कुणाला ना कुणाला ऐकवत.

निवृत्तीनंतर ही सगळी काटेकोर वृत्ती पक्ष्यांच्या वाट्याला आली. गावाबाहेर खात्याचाच जुना तलाव आहे. तिथे दर रविवारी सकाळी पाचसहा जण पक्षी बघायला जमत. मीटरकाका आले आणि वर्षभरात मंडळींची वही त्यांच्याकडे गेली. त्याआधी वहीत ‘बदकं भरपूर’ अशा नोंदी असत. भरपूर म्हणजे किती, असं मीटरकाकांनी विचारल्यावर कुणाला सांगता येईना. तेव्हापासून आकडे आले.

मंडळी म्हणजे तरी कोण? निवृत्त पोस्टमास्तर, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई, आणि एकाच दुर्बिणीवरून भांडणारं एक नवरा-बायकोचं जोडपं. सगळ्यांत धाकटा तो नवरा, त्याला चौसष्टावं चालू होतं. थंडीत लांबून आलेली बदकं पाण्यावर पसरत आणि मीटरकाका ती दहा-दहाचे गट करून मोजत. कितीही मोठा थवा असला तरी त्यांचा आकडा आणि नंतर फोटोवरून मोजलेला आकडा यांत दोनतीनचाच फरक निघे. उन्हाळ्यात पाणी मागे सरे, चिखलावर लांब पायांचे पक्षी उतरत. पावसात छत्र्या घेऊन बगळ्यांची घरटी मोजायची. मीटरकाकांची नजर अजून तल्लख होती, त्यामुळे या सगळ्या मोसमांत त्यांना कुणी हरवू शकत नसे.

थंडी संपल्यावर आणि ऊन तापण्याआधी दीडदोन महिने मात्र कानाचं काम असे. तलावाच्या एका अंगाला बोरूच्या उंच गवताचं दाट रान होतं आणि त्यात एक मूठभर, मातकट रंगाचा पक्षी घरटी करायचा. मंडळी त्याला किरकिऱ्या म्हणत. तो कधी दिसत नाही. बोरूच्या पोटात बसून तेल न घातलेल्या शिवणयंत्रासारखा बारीक, सलग आवाज काढतो. तेवढ्यावरूनच तो मोजायचा. बांधावर पाच खांब होते. प्रत्येक खांबापाशी दहा मिनिटं उभं राहायचं, अवाक्षर बोलायचं नाही, आणि शेवटी जितके ऐकू आले तितकी बोटं मीटरकाकांना दाखवायची. ही पद्धत त्यांनीच घालून दिली होती. बोटांत फरक पडला तर वहीत मीटरकाकांचा आकडा जाई.

या मोजणीला महत्त्व होतं. खात्याला तो बोरू नको होता. गाळ साठतो, पाणी अडतं अशी तक्रार होती. मंडळींनी अर्ज-विनंत्या करून एवढं पदरात पाडून घेतलं होतं की किरकिऱ्या आहे तोवर बोरूला हात लागणार नाही. सलग दोन वर्षं तो आढळला नाही, तर मात्र खातं मोकळं.

सुरुवातीला आकडे अकरा-नऊ असे होते. मग सात, मग दोन. मग एका वर्षी पाचही खांबांवर कुणाचंच बोट वर झालं नाही आणि मीटरकाकांनी शून्य लिहिलं. त्या दिवशी परत येताना भूगोलाच्या बाईंनी बदललेल्या हवामानाला दोष दिला, पोस्टमास्तरांनी मोबाइलच्या मनोऱ्यांना. कानांचं कुणाच्या मनातही आलं नाही. पाच म्हातारी माणसं एका पक्ष्यासाठी हळहळत घरी गेली.

घरात मात्र मीटरकाकांच्या बायकोचं निराळंच चाललं होतं. कपडे धुवायचं नवीन मशीन आलं होतं. ते काम संपलं की टी-टी करायचं. मीटरकाका शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असायचे आणि ढिम्म हलायचे नाहीत. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत येई आणि म्हणे, मशीन कधीचं ओरडतंय. मीटरकाका म्हणत, आवाज करत नाही ते, दुकानदाराने गळ्यात मारलंय. पुढे तिला ताप आला. त्यांनी तिच्या काखेत थर्मामीटर ठेवला आणि तो वाजण्याची वाट बघत शेजारी बसून राहिले. पाव तास झाला. शेवटी तिनेच तो काढला, आकडा वाचला, आणि तोंड भिंतीकडे करून झोपली.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली आणि बापाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मीटरकाका बटणावर अंगठा ठेवून बसले. सुरुवातीला दाबलं, दाबलं, आणि मग यंत्र बंद पडलं असं वाटून बाहेरच्या बाईकडे बघायला लागले. ती बाई तर यंत्राची कळ फिरवतच होती. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. बऱ्याच अंतरापर्यंत ती सरळ जात होती आणि मग बांधावरून पाय घसरावा तशी खाली आली होती. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं, बोलणं नीट ऐकू येईल, फक्त बारीक आवाज गेलेत. पक्ष्यांची चिवचिव वगैरे. त्याने रोजच्या जगण्यात काही अडत नाही.

बाहेर बाकावर मुलगी बसली होती. तिला मीटरकाकांनी सांगितलं की मळ होता, काढला. कागद घडी करून त्यांनी घरी जुन्या मीटर-बुकाच्या पुठ्ठ्यात सरकवला. कागदावर तारीख होती. दुसऱ्या वर्षीच्या किरकिऱ्याच्या मोजणीला तेव्हा वीस दिवस राहिले होते.

त्या थंडीत मंडळींत नवीन माणूस आलं होतं. बाजारातल्या बेकरीची मालकीण, वय चाळिशीच्या आसपास. पहाटे भट्टी उतरवून, नवऱ्याला गल्ल्यावर बसवून ती तलावावर यायची, तेव्हा कधीकधी तिच्या कोपरांना पीठ लागलेलं असायचं. तिच्याकडे दुर्बीण नव्हती. पुस्तकातली नावं तिला येत नसत, पण एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे. मीटरकाकांनाच ती सारखी विचारायची, आणि ते खुशीत येऊन सांगायचे.

मोजणीच्या सकाळी मीटरकाका घरून ठरवून निघाले होते की आज सांगून टाकायचं. मला ऐकू येत नाही, वही दुसऱ्या कुणीतरी घ्या. बांधाच्या फाटकापाशी पोस्टमास्तरांनी त्यांना बघून म्हटलं, आलं आमचं मीटर, आता चिंता नाही. तेवढ्याने त्यांनी वही काढली आणि सांगायचं राहून गेलं. पहिला खांब झाला. सगळ्यांच्या मुठी बंद. बेकरीवालीही गोंधळलेली, इकडेतिकडे बघत होती. दुसऱ्या खांबावर तेच. तिसऱ्या खांबावर दहा मिनिटं संपली आणि तिने तीन बोटं वर केली.

मीटरकाकांनी तिच्या बोटांकडे बघितलं, मग बोरूकडे. वारा नव्हता. तरी एक काडी, एकच, शेंड्याशी थरथरत होती. त्यांच्या नजरेने ती टिपली. त्याचा अर्थ त्यांच्याइतका दुसऱ्या कुणालाही कळला नसता.

ती हळूच म्हणाली की तीन आहेत, एक तर अगदी जवळ आहे, मागच्या दोन खांबांवरही होते पण मला वाटलं आपलीच चूक होत असेल. सगळे मीटरकाकांकडे बघायला लागले.

“बाई, तो किडा आहे,” मीटरकाका म्हणाले. “नवीन माणसाचं असं होतं.”

पोस्टमास्तरांनी जोडून दिलं की भट्टीजवळ राहून कानात घूं-घूं राहत असेल. जोडपं हसलं. बेकरीवालीही हसली, ओशाळून, आणि तिने हात ओढणीखाली घेतला. चौथ्या आणि पाचव्या खांबावर तिची मूठ बंदच राहिली. मीटरकाकांनी वहीत शून्य लिहिलं, खाली सही केली. त्यानंतर ती दोन रविवार आली आणि मग यायची थांबली. मंडळी म्हणाली, धंद्यातल्या माणसाला हे जमत नाही. मीटरकाकांनी मान डोलावली.

त्याच सुमारास एका बुधवारी ते फिरायला म्हणून तलावावर गेले, तर फाटकाच्या फळ्यावर खात्याची नोटीस लागली होती. बोरू काढण्याचं काम शुक्रवारपासून, पाचव्या खांबाकडून सुरुवात. आधार म्हणून रविवारच्या मंडळींच्या वहीतली दोन वर्षांची पानं सोबत डकवली होती. ‘खात्याचे निवृत्त कर्मचारी यांच्या अचूक नोंदीनुसार’, असं वर छापलं होतं. खाली दोन शून्यं आणि त्यांची लपेटदार सही. शेजारी उभा असलेला एक फिरायला आलेला माणूस ते मोठ्याने वाचत होता. मीटरकाका टोपी पुढे ओढून निघाले.

तसेच ते ऑफिसात गेले. आताचे साहेब एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेले होते. उठून उभे राहिले, चहा मागवला. मीटरकाकांनी सांगितलं की मोजणीत चूक झाली असण्याचा संभव आहे. साहेब हसले. म्हणाले, तुमच्या आकड्यात चूक? काका, कुणी गळ घातली का तुम्हाला? मग समजावणीच्या सुरात म्हणाले की ठेकेदाराचं मशीन निघालेलं आहे. पण नवी मोजणी आणा, पक्षी आहे असा आकडा लिहून द्या, मी त्या दिवशी काम थांबवतो. कशी चूक झाली ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मीटरकाका जिना उतरताना स्वतःला सांगत होते. ते खरं नाही, हेही त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत कळलं.

घरी येऊन त्यांनी पुठ्ठ्यातला कागद काढला आणि भाजी निवडत बसलेल्या बायकोपुढे ठेवला. ती चष्मा न लावताच म्हणाली की हा मी गेल्या महिन्यात झाडताना बघितलाय.

“मग बोलली नाहीस?”

“अहो, वर्षभर मशीन मी बंद करतेय. दाराची बेल वाजली की तुम्हाला कळावं म्हणून मी मोठ्याने ‘कोण आहे’ म्हणते. तुम्ही मला सांगायची वाट बघत होते मी.”

तिने शेंगा पुढे ओढल्या. मीटरकाकांनी मग बेकरीवालीचं आणि नोटिशीचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हात चालू होते. किडा आहे म्हणालात तिला, एवढंच तिने विचारलं. ते हो म्हणाले. सगळ्यांदेखत? हो. तिने शेंग मोडली आणि दाणे भांड्यात टाकले. मग म्हणाली, मला तुमच्या कानांची लाज नाही वाटली कधी. तिला कशाची लाज वाटतेय ते मीटरकाकांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बेकरीच्या रांगेत उभे राहिले. गल्ल्यावर तीच होती. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांच्या तोंडून अर्धा पाव असं निघालं. तिने पाव कापून कागदात गुंडाळला. मागे दोन माणसं होती. मीटरकाका पाव हातात धरून म्हणाले की त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, मला ऐकू येत नाही, बोरू तोडणार आहेत, मोजायला तुम्ही याल का.

तिने आधी मागच्या गिऱ्हाइकाला बिस्किटं दिली, सुटे पैसे दिले. मग त्यांच्याकडे वळली.

“मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, मला काही कळत नाही, उगाच मोठ्या लोकांत जाऊन हसं करून घेतलं. आत्तापर्यंत मला तसंच वाटत होतं.” तिचा आवाज चढला नव्हता. “आणि तुम्ही मला इथे, पाव घेता घेता सांगताय. बांधावर सांगा. सगळे असतील तेव्हा. मग मी मोजीन.”

“रविवारपर्यंत मशीन—”

“मग उद्या बोलवा त्यांना.”

मीटरकाकांनी उद्या बोलावलं नाही. शुक्रवारी पोस्टमास्तरांना दवाखान्यात जायचं होतं, जोडप्याकडे पाहुणे होते. ही कारणं खरी होती. त्यांनी प्रत्येकाला फोन करून ती नीट विचारून घेतली, आणि मग रविवारच बरा असं ठरवलं. शुक्रवारी आणि शनिवारी ते घराबाहेर पडले नाहीत.

रविवारी फाटकापाशी सगळे जमले. बेकरीवाली थोडी लांब उभी होती. मीटरकाकांनी सुरुवात केली. म्हणाले की मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, किरकिऱ्या गेला नव्हता, बेकरीच्या बाईंना ऐकू आला होता. पोस्टमास्तरच म्हणाले की खरं सांगायचं तर मलाही येत नाही, पण तुमचाही आकडा शून्य म्हणून मी निश्चिंत होतो. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, अगंबाई, मीपण तुमच्याच मुठीकडे बघत होते. जोडप्यातली बायको नवऱ्याला म्हणाली की तुला तर माझं बोलणंही ऐकू येत नाही. सगळे हसायला लागले. हसता हसता एकमेकांना सांगायला लागले, कुणाला कुठला आवाज कधीपासून येत नाही ते. पोस्टमास्तरांनी मीटरकाकांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, सगळेच बहिरे, एकट्याने काय मनाला लावून घेता?

त्या हसण्यात जागा होती. मीटरकाकांना ती दिसली. तिथे उभं राहून तेही हसले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. मंडळींच्या लेखी चूक पाच जणांची, म्हणजे कुणाचीच नाही. त्यांच्या ओठांवर हसू आलंसुद्धा होतं. बेकरीवाली हसत नव्हती. ती फक्त त्यांच्याकडे बघत होती.

“मला माहीत होतं,” मीटरकाका म्हणाले.

पोस्टमास्तरांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मीटरकाकांनी खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि तारीख दाखवली. मोजणीच्या वीस दिवस आधीची. म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. बेकरीच्या बाईंना मी किडा आहे असं म्हणालो तेव्हा बोरूची काडी हलत होती, ती मी बघितली.

कागद हातोहात फिरला. पोस्टमास्तरांनी तो चष्मा वर करून वाचला आणि घडी घालून परत दिला. या वेळी त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही. भूगोलाच्या बाई बेकरीवालीजवळ जाऊन काहीतरी बोलल्या. जोडपं बोरूकडे बघत राहिलं. मीटरकाकांनी वही आणि पेन बेकरीवालीपुढे धरलं. तिने घेतलं.

पहिल्या खांबावर तिने दोन लिहिले. दुसऱ्यावर एक. तिसऱ्यावर, पुष्कळ वेळ मान तिरकी करून, चार. बाकीची पाच माणसं तिच्या बोटांकडे टक लावून उभी होती. मीटरकाकांनीही कान दिला. त्यांना बांधाखालच्या पाण्याचा आवाज आला, कुणाच्यातरी चपलेखालचा खडा आला. जिथे किरकिऱ्या असायला हवा तिथे काहीच नव्हतं. सात झाले. सात म्हणजे पहिल्या तीन खांबांपुढचं काम उद्या थांबणार.

बांध वळतो तिथून चौथा खांब दिसतो. तिथे बोरू नव्हता. पाचव्यापर्यंत सगळा उघडा काळा चिखल, त्यात मशीनच्या पट्ट्यांचे खोल ठसे आणि त्यांत साचलेलं पाणी. कापलेल्या बोरूचा ढीग कडेला पडला होता. शुक्रवार-शनिवारचं काम.

मंडळी थबकली. मीटरकाका म्हणाले की चला, इथे मोजण्यासारखं काही नाही.

“दहा मिनिटं,” बेकरीवाली म्हणाली.

ते उभे राहिले. चौथ्या खांबावर दहा मिनिटं, पाचव्यावर दहा. ऊन चिखलावर आलं होतं. एक बगळा मशीनच्या ठशात पाय टाकत हळूहळू चालला होता. मीटरकाकांना घड्याळाकडे बघायचा धीर झाला नाही. दहा मिनिटं इतकी लांब असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी लोकांना उभं केलं होतं.

वेळ संपल्यावर तिने वहीत चौथ्या आणि पाचव्या खांबासमोर एकेक शून्य काढलं. वरच्या तीन आकड्यांपुढे स्वतःची सही केली, साधी, शाळेतल्यासारखी. मग वही फिरवून मीटरकाकांपुढे धरली आणि पेनाने खालच्या दोन ओळी दाखवल्या.

“या दोन सह्या तुम्ही करा,” ती म्हणाली. “यांच्यासाठी ऐकू यावं लागत नाही.”

मीटरकाकांनी वही गुडघ्यावर ठेवली आणि दोन्ही शून्यांपुढे सही केली. या खेपेला त्यांनी लपेट काढली नाही. वही परत देताना त्यांनी मान वर केली नाही, आणि तिनेही वाट न बघता ती पिशवीत टाकली आणि बेकरी उघडायची म्हणून पुढे निघाली.